हयात अपत्य : एक

"तुम्हीच बांधलंय, आता तुम्हीच सोडा."

महानंदानं माझ्या लसीच्या डब्याचा पट्टा धरून ठेवला होता. पत्र्याच्या शेडांची तिसरी ओळ, बाराचं ऊन, डोस पाजायला पोरं कडेवर घेऊन आलेल्या आठ-दहा बायका, आणि त्यांच्यात ही रिकाम्या हातांनी उभी.

"काय सोडायचं, महानंदा?" मी विचारलं. कळलं नव्हतं असं नाही.

"नळी. रेडिओवर सांगलालेत. ज्यांची समदी लेकरं गेली त्यांचं आप्रेशन उलटं करून देणार म्हणून. नसबंदीच्या शिबिराला मला तुम्ही नेलतं. आता बी तुम्हीच न्या."

"नेते की. त्यात काय! कागद जमव, पंधरा दिवसांत तारीख घेऊन देते."

मी हे इतक्या सहज म्हणाले की तिनं लगेच पट्टा सोडला. मग ती तिथून हललीच नाही. माझा शेवटचा डोस पाजून होईपर्यंत उभी राहिली, आणि मी निघाले तेव्हा पुन्हा म्हणाली, "पंधरा दिस म्हणलाव बरं का."

१९९४चा फेब्रुवारी होता. किल्लारीच्या भूकंपाला पाच महिने होत आले होते. आमचं कवठाळी किल्लारीहून फार लांब नव्हतं. दगड-मातीची माळवदं, दोन-दोन हात रुंद भिंती. एका मिनिटाच्या आत सगळं खाली आलं. उरलेलं गाव मैलभर अलीकडे माळावर पत्र्याच्या शेडांत राहत होतं. शेड चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी माळाच्या दोन टोकांना गेले होते, आणि ज्यांनी एकमेकांच्या ओट्यावर कधी पाणी घेतलं नव्हतं त्यांच्यामध्ये आता फक्त एक पत्रा होता. दिवसभर कुणी ना कुणी साहेब नकाशे घेऊन यायचे. नवं गाव कुठं बसणार, रस्ते किती रुंद, घरं कशी सरळ रेषेत. लोक ऐकून घ्यायचे आणि साहेब गेले की विचारायचे, "मग आमचं मारुतीचं देऊळ कंच्या रेषेत?"

मी तिथली नर्स, उज्ज्वला सोनकांबळे. गावात मला नावानं कुणी ओळखत नसे; सिस्टर, एवढंच. माझं क्वार्टर सहा किलोमीटरवर, आरोग्य केंद्राच्या आवारात. वर पत्रा होता, म्हणून वाचले. भूकंपानंतरचे तीन दिवस मी कवठाळीतच ड्यूटीवर होते. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही.

महानंदा बिराजदार सव्वीस वर्षांची. तिला तीन मुलं होती. सुवर्णा सात वर्षांची, गुरुनाथ चार, आणि धाकटा बाळू. बाळूचं खरं नाव चनबसप्पा, आजोबांचं ठेवलेलं. पण सासऱ्याचं नाव सून कसं घेणार? म्हणून तिच्यापुरता तो बाळूच. तिघंही गेली. ती स्वतः उंबऱ्यात अर्धी आत अर्धी बाहेर सापडली, मांडीचं हाड मोडलेलं. लष्कराच्या गाडीतून तिला सोलापूरला नेलं ती दोन महिन्यांनी काठी टेकत परत आली. तोवर सगळं उरकलं होतं. तिचा नवरा मन्मथ विसर्जनाहून येऊन गणपतीच्या मांडवातच झोपला होता, म्हणून राहिला. त्यानं तिघांना एका ठिकाणी पुरलं, त्यांच्यात पुरतात. महानंदानं आपल्या मुलांना शेवटचं पाहिलं नाही.

मन्मथ बोलत नसे. बोलायची ती त्याची आई, नागरबाई.

"सिस्टर, ते नळीफिळी ऱ्हाऊ द्या," ती मला शेडच्या दारातच अडवून म्हणाली. "पोराला वंश पायजे. हिला काई आमी टाकून देलालाव न्हाई. दोघी ऱ्हातील."

"अहो, ऑपरेशन होतंय ना. सहा महिने थांबा."

"सा महिने? माझं वय बगा की जरा."

त्या दिवसांत शेडांत लग्नं फार झाली. बायको गेलेले पुरुष महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बोहल्यावर चढत होते. नवरा गेलेल्या बायकांची मात्र कुणालाच घाई नव्हती. मला ते दिसायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा, पण करणार काय? मी ठरवलं, निदान या एका बाईचं काम धसास लावायचं.

कागद जमवणं म्हणजे काय हे ज्यानं तेव्हा केलं त्यालाच माहीत. तलाठ्याची कचेरी तंबूत. तलाठी तंबूत नसायचा, कारण त्याला तालुक्याला बोलावलेलं. तालुक्याला गेलं की तो गावात गेलेला. तीन मृत्यूचे दाखले काढायला चार खेपा झाल्या, आणि आले तेव्हा गुरुनाथचं 'गुरुबाई' झालेलं. दुरुस्तीला आठ दिवस. रेशन कार्ड ढिगाऱ्याखाली, त्याची नक्कल काढा. ऑपरेशनचा दाखला ढिगाऱ्याखाली, त्याचीही नक्कल आमच्या केंद्रातून काढा. महानंदा प्रत्येक खेपेला बरोबर यायची, लंगडत. सावलीत बस म्हटलं तरी खिडकीपाशीच उभी राहायची. पंधरा दिवसांचा दीड महिना झाला. मार्चअखेर फाइल जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल झाली तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तारीख विचारायला गेलो. तिथं देशमाने म्हणून कारकून होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलायला सावकाश. त्यांनी फाइल उघडली, दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हयात अपत्य एक."

"कुणाचं?"

"यांचं." त्यांनी महानंदाकडे मान वळवली. "हा शिबिराचा फॉर्म, मागच्या वर्षीच्या मार्चमधला. मुलं कोण कोण? सुवर्णा. गुरुनाथ. आणि बाळू, वय अडीच वर्षं. बरोबर? आता मृत्यूचे दाखले बघा. सुवर्णा. गुरुनाथ. आणि चनबसप्पा, वय सव्वा वर्ष. हा शिबिराच्या वेळी नऊ महिन्यांचा असणार, तो फॉर्मवर लिहायचा राहिला असेल. पण बाळूचा दाखला कुठाय? मुलं चार, दाखले तीन."

"अहो, बाळू म्हणजेच चनबसप्पा! घरचं नाव आहे ते."

"अडीच वर्षांचं मूल सहा महिन्यांनी सव्वा वर्षाचं होतं का, सिस्टर?"

माझं डोकंच सटकलं. मी टेबलावर हात आपटला. "हिची तिन्ही मुलं गेलीत! सगळं गाव साक्षीला आहे. तुम्ही इथं पंख्याखाली बसून मुलं मोजताय?"

"मी कागद मोजतो," देशमाने शांतपणे म्हणाले. "फॉर्म ज्यानं भरला त्यानं लेखी द्यावं की वय चुकीचं पडलं. मला मग काही अडचण नाही. कुणी भरला होता?"

"शिबिरात गर्दी असते," मी म्हणाले. "कुणी भरला कोण जाणे."

महानंदा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. "काय म्हणलालेत?" तिनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत देशमान्यांनी तिला सांगितलं. आवाज वाईट नव्हता त्यांचा. "बाई, कागदावर तुमचं एक मूल जिवंत आहे. जिवंत मूल असलं की या योजनेत बसत नाही."

ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "कंचं?"

"बाळू."

परतीच्या येष्टीत मी देशमान्यांचा आणि त्यांच्या खात्याचा उद्धार करत होते. महानंदा खिडकीशी बसून होती. एकदाच म्हणाली, "त्येंच्यापशी आलं कुटून त्ये?" मी म्हणाले, "चूक आहे गं. करू आपण दुरुस्त."

मग मी दुरुस्तीच्या मागे लागले. सरपंचांचा दाखला घेतला की या बाईला तीनच मुलं होती. देशमान्यांनी परत केला. "सरपंचांनी बाळंतपणं केली का?" ग्रामसेवकाचा घेतला. परत. गावच्या अकरा माणसांच्या सह्या-अंगठे घेतले. परत. त्यांच्या वरच्या साहेबांना भेटायला गेले तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या वेळी बैठकीत. तिसऱ्या वेळी साहेब भेटले, त्यांनी सगळं ऐकलं, घंटा वाजवली आणि देशमान्यांना बोलावून म्हणाले, "यांचं बघा जरा." एप्रिल गेला, मे निम्मा गेला. मी घरी जाऊन भांडी आपटायचे. केंद्रात कुणाशी धड बोलायचे नाही. सगळ्या जगावर माझा राग होता.

त्या रागात एक दिवस मी आमच्या डॉक्टरांसमोर फाइल टाकली. डॉ. वट्टमवार आरोग्य केंद्राचे प्रमुख. "साहेब, तुमच्या सहीचं एक पत्र द्या. वय चुकलंय म्हणून. तुमचं ते ऐकतील."

त्यांनी फॉर्म उचलला, चष्मा लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर ओळखीचं आहे," ते म्हणाले.

अक्षर माझं होतं.

हे मला एप्रिलमध्ये देशमान्यांच्या टेबलापाशीच कळलं होतं. खरं तर फेब्रुवारीत तिनं पट्टा धरला तेव्हाही मनाच्या कोपऱ्यात होतं. शिबिराच्या त्या मार्चमध्ये माझं ऑपरेशनांचं टार्गेट एका केसनं कमी पडत होतं. महिन्याच्या बैठकीत सगळ्या नर्सांसमोर वट्टमवार साहेबांनी मला उभं केलं होतं. महानंदाच्या घरी मी चार वेळा गेले. ती म्हणत होती, "करते की बाई, मला न्हाई म्हणायचं न्हाई. पर बाळूला चालाय येऊ द्या." मी म्हणाले, शिबिर पुन्हा वर्षानंच, तोवर चौथं राहिलं तर? दोन मुलगे आहेत, मुलगी आहे, आणखी काय हवं? ती तयार झाली. मग शिबिरात अट निघाली की धाकटं मूल दोन वर्षांच्या पुढचं पाहिजे. ती रांगेत उभी, तिच्या कडेवर नऊ महिन्यांचा बाळू माझ्या पेनाशी खेळतोय, आणि मी लिहिलं, अडीच. "काय लिहिलालाव?" तिनं विचारलं. "नाव," मी म्हणाले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान वर करून मुलाकडे पाहिलंही नाही. साहेबांनी सही केली.

वट्टमवार साहेबांनी फाइल मिटली.

"हे लिहून दिलंत की काय होईल कळतं ना तुम्हांला? खोटी माहिती देऊन शस्त्रक्रिया. नोकरी जाईल. खाली सही माझी आहे, म्हणजे मीही चौकशीत."

"मग तिचं काय?"

"थांबा जरा. पावसाळ्यानंतर नियम ढिले होतील. एका बाईपायी घाई करू नका."

मला नेमकं हेच ऐकायचं होतं. माझ्यावर आई होती, शिकणारा भाऊ होता. मी फाइल उचलली, कपाटात ठेवली आणि गप्प बसले. कवठाळीच्या फेऱ्या मी दुसऱ्या सिस्टरशी बदलून घेतल्या. महानंदानं निरोप पाठवले. मी उत्तर दिलं, प्रयत्न चालू आहे.

मेच्या शेवटी मन्मथचं दुसरं लग्न झालं. नागरबाईच्या भाचीकडची मुलगी, कर्नाटकातल्या गावची. मी एकदा तालुक्याच्या स्टँडवर महानंदाला पाहिलं, चुकवायला जागा नव्हती.

"लग्नाला गेली होतीस?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"अक्षता टाकून आले." मग लगेच, "सिस्टर, कागदाचं काय झालं?"

"होतंय," मी म्हणाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मन्मथ स्वतः आरोग्य केंद्रात आला. तो आत आला नाही, पायरीशीच उभा राहिला, टोपी हातात. त्याला मी सलग दोन वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ती तीन दिस झालं घरला न्हाई."

"कुठं गेली?"

"जिल्ह्याला. पोरक्या लेकरांचं बालगृह हाय तिथं. भूकंपातली लेकरं नेऊन ठिवलीत म्हणं. बाळूला हुडकाय गेलीय." तो एक पायरी वर आला. "सरकारच्या कागदावर जिवंत हाय म्हणलालीय. मी सांगलो, अगं मी माझ्या हातानं मातीआड केलोय त्याला. तर म्हणती, तुमी दुसरं लगीन केलाव, तुमचा काय भरवसा. सिस्टर, तुमचं ऐकंल ती. तुमी चला."

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. डबा टेबलावर ठेवला आणि जी पहिली गाडी मिळाली ती धरली.

बालगृहाच्या आवारात एक मोठा कडुनिंब होता. त्याच्या पाराला टेकून महानंदा बसली होती, काठी मांडीवर आडवी. समोर ओसरीत मुलं पंगतीला बसलेली, भात-वरण चाललेलं. तिथल्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, तीन दिवस अशीच बसते, कुणाला त्रास नाही देत, रात्री धर्मशाळेत जाते नि सकाळी दार उघडायच्या आधी हजर.

मला पाहून तिचा चेहरा उजळला. अजूनही तो चेहरा डोळ्यांसमोर आला की मला जागच्या जागी बसवत नाही.

"आलाव का, बरं झालं," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील ही मानसं. त्ये बगा, हिरव्या चड्डीतलं. तेवडंच हाय. मला जवळ जाऊ देईनात. बाळूच्या कानामागं तीळ हाय, तेवडा बगू द्या म्हणलालीय मी, दुसरं काय?"

"महानंदा, बाळू इथं नाही."

"कागदावर हाय की."

"तो कागद मी लिहिलाय."

तिला समजलं नाही. मला वाटलं होतं एकदा बोलायला लागलं की सुटेन. पण प्रत्येक वाक्य वेगळं ओढून काढावं लागत होतं.

"शिबिराचा फॉर्म मी भरला. दोन वर्षांच्या आतलं मूल चालत नव्हतं. मला एक केस कमी पडत होती. म्हणून नऊ महिन्यांचा बाळू मी अडीच वर्षांचा लिहिला. तू नाव बाळू सांगितलंस, दाखल्यावर चनबसप्पा आलं. म्हणून कागदावर ती दोन मुलं झाली. दुसरं मूल कुठंच नाही."

"केस," ती म्हणाली. तेवढाच शब्द.

"आणि बाळूला मी पाहिलंय." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "त्या दिवशी दुपारी. जवानांनी तुळई उचलली तेव्हा मी तिथं होते. मन्मथच्या आधी तो माझ्या हातात आला. तोंडावरची माती मी पुसली. कापडात मी गुंडाळला. मग मन्मथला दिला. डाव्या कानामागं तीळ होता."

कोणत्या कानामागं हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

ती ओसरीकडे बघत होती. पोरं जेवून उठली, हात धुवायला पळाली. हिरव्या चड्डीतला मुलगा दुसऱ्याला ढकलून नळाखाली घुसला.

"ह्ये आदी का न्हाई सांगलाव?"

"भीती वाटली. नोकरीची."

"त्या भूकंपाला काय इचारणार मी?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्याला तोंड हाय का कान हायत? म्हणून मी कुनालाच काई इचारलं न्हाई. न्हवऱ्याला न्हाई, सासूला न्हाई. तुम्हाला तर तोंड हाय. माज्यासंगं इतक्या खेपा केलाव, येष्टीत शेजारी बसलाव. तवा बी न्हाई बोललाव?"

मी खाली तिच्याशेजारी बसले.

"पेन हाय का?"

"आहे."

"मग लिहा. हितंच लिहा."

पिशवीतल्या लसीच्या नोंदवहीतला एक कागद फाडून मी पारावर ठेवला. लिहिलं. ती म्हणाली, "वाचा." मी वाचलं. "परत वाचा." पुन्हा वाचलं. 'मुलाचे वय नऊ महिने असताना' इथं तिनं मला थांबवलं. "नऊ महिने सा दिस," ती म्हणाली. मी खाडाखोड करून सहा दिवस घातले. मग सही केली.

दवाखाना तिथून चालत दहा मिनिटांवर. ती पुढे, मी मागे. तिच्या काठीचा वेग मला गाठता येत नव्हता.

देशमान्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला.

"सिस्टर, हा आवक रजिस्टरमध्ये चढवला की मला मागे घेता यायचा नाही. विचार केलाय ना?"

"शिक्का मारा."

त्यांनी शिक्का मारला. मग फाइलमधला नवा अर्ज काढला आणि वरून एकेक रकाना भरत गेले. नाव, गाव, वय. एका रकान्यापाशी थांबले. "हयात अपत्यं किती?"

मी तोंड उघडलं. देशमान्यांनी हात वर केला. "त्यांनाच सांगू द्या. नियम आहे."

महानंदानं टेबलाची कड धरली. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. तीन दिवस ती एका मुलाची आई होती, आणि आता ते तिलाच तिच्या तोंडानं पुसायचं होतं.

"एक बी न्हाई," ती म्हणाली.

देशमान्यांनी शून्य लिहिलं.

ऑपरेशन जुलैच्या शेवटी झालं. संमतीच्या कागदावर मन्मथनं सही केली. नागरबाई आली नाही. मोठ्या शहरातून आलेले सर्जन म्हणाले, दुर्बिणीनं नुसती रिंग टाकलेली आहे, नळी फारशी खराब झालेली नाही, आशा ठेवायला हरकत नाही. मला आत जाऊ दिलं नाही. मी व्हरांड्यात बसले होते, ती गाडीवरून बाहेर आली तेव्हा गुंगीत होती.

माझी चौकशी दीड वर्ष चालली. नोकरी गेली नाही. वेतनवाढी थांबल्या, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. वट्टमवार साहेबांना ताकीद मिळाली. त्यांनी पुढं कधी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. शिबिराच्या टार्गेटबद्दल चौकशीत कुणी एक प्रश्न विचारला नाही.

महानंदाला १९९६च्या श्रावणात मुलगी झाली. कवठाळीला माझ्या जागी आलेल्या सिस्टरनं मला कळवलं. तीन महिन्यांनी रजा काढली आणि गेले.

नवं कवठाळी वसलं होतं. सिमेंटची घरं, सगळी एकसारखी, दारांवर आकडे, मधे ट्रक वळेल एवढे रस्ते आणि त्यांवर माणूस नाही. मी दोन वेळा चुकले. शेवटी एका म्हाताऱ्यानं बोट दाखवलं.

महानंदा पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून उठली. काठी सुटली होती तिची. "या," म्हणाली. पोतं झटकून अंथरलं. मन्मथची दुसरी बायको, अवघी वीसेक वर्षांची, पोटुशी, चहा घेऊन आली आणि ठेवून आत गेली. आतून झोळीच्या कडीचा आवाज येत होता.

नर्स म्हणून मी तेव्हा बारा वर्षं काम केलं होतं. त्या मुलखात सिस्टर घरी आली की ती टेकायच्या आत बाया तान्हं मूल तिच्या मांडीवर आणून ठेवतात. मी पोत्यावर बसले तेव्हा माझे हात आपोआप पुढं झाले होते. मी ते बशीला लावले.

"पाऊस कसाय तुमच्याकडं?" महानंदानं विचारलं.

"बरा आहे."

"राहता कुटं?"

मी सांगितलं. तिनं शेंगा सोलत ऐकून घेतलं. नाव काय ठेवलं, वजन किती, डोस झाले का, यातलं काही मला विचारता आलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आत मुलगी रडायला लागली. चांगला खणखणीत आवाज होता. महानंदानं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठली.

"चा घ्या, गार हुईल," ती म्हणाली. "साडेचारची येष्टी हाय, त्याच्यामागं सहालाच."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. रडणं थांबलं. मी चहा संपवला, बशी पायरीवर ठेवली आणि साडेचारच्या गाडीला निघाले.